‘लेट्’ : एका लहान शब्दाचा मोठा पसारा



इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची अशी एक समजूत दिसून येते कीं, लांब शब्द तेवढे कठीण आणि आंखूड शब्द तेवढे सोपे. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ हा शब्द वाचनांत आला कीं मुलगा कोश उघडतो, त्याचीं अक्षरें घोकतो, अर्थ वहींत उतरवून घेतो. पण ‘लेट्’ हा तीन अक्षरी शब्द आला म्हणजे “हा तर आपणांस येतो” असें म्हणून तो पुढें जातो. वस्तुस्थिति बहुतेक वेळां नेमकी उलट असते. लांब शब्द हा मोठ्या हुद्द्यावरील कामगारासारखा असतो. त्याला नेमून दिलेलें एकच काम तो करतो. लहान शब्द घरांतल्या थोरल्या मुलीसारखा असतो. पाणी भरणें, धाकट्यांना सांभाळणें, पाहुण्यांना बसावयास देणें, जें पडेल तें काम तिला करावें लागतें, आणि यांतलें कोणतें काम ती आतां करीत आहे हें तिच्याकडे पाहिल्याखेरीज कळत नाहीं.

प्रस्तुत लेखांत या ‘लेट्’ शब्दाचाच विचार करावयाचा आहे. हा शब्द कोठें परवानगी देतो, कोठें आर्जव करतो, कोठें आज्ञा करतो, कोठें घर भाड्यानें देतो. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, कोठें कोठें तो चक्क वाट अडवितो! एवढ्या अर्थांतून वाट कशी काढावी, असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर असें आहे कीं, ‘लेट्’ दिसला कीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा : ‘या वाक्यांत सत्ता कोणाच्या हातांत आहे?’ हा प्रश्न विचारण्याची संवय लागली म्हणजे अर्थ बहुधा आपण होऊन हातीं येतो.

आरंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. उशीर झालेल्या गाडीला आपण ‘गाडी लेट आहे’ असें म्हणतों. तो ‘लेट’ निराळा. त्याचा उच्चार लांब होतो. आपला ‘लेट्’ तोकड्या उच्चाराचा आहे. तथापि हे दोघे परके नव्हेत, हें पुढें दिसून येईल.

१. परवानगी देणें

पहिला अर्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘लेट् हिम् गो’ म्हणजे ‘त्याला जाऊं दे’. येथें सत्ता ऐकणाराच्या हातीं आहे. दाराशीं उभा असलेला पहारेकरी, पोराचा हात धरून बसलेली आई, किंवा वर्गावरील शिक्षक यांपैकीं कोणास तरी उद्देशून हें वाक्य बोललें जातें.

मराठी व इंग्रजी या दोन भाषांची विचार करण्याची रीत येथें किती निराळी आहे पाहा. मराठींत आपण परवानगी ‘देतों’. म्हणून ‘जाऊं दे’, ‘बसूं दे’, ‘बोलूं दे’ अशी योजना होते. इंग्रजी ‘लेट्’ च्या मुळाशीं देण्याची कल्पना नसून ‘सोडण्याची’ कल्पना आहे. जुन्या इंग्रजींतील ‘लेटन्’ या धातूचा अर्थ ‘सोडणें, मागें राहूं देणें’ असा होता. जर्मन भाषेंतील ‘लासेन्’ हा धातु त्याचाच भाऊबंद होय. म्हणजे मराठी माणूस परवानगी देतांना जणूं हातांत कांहीं ठेवतो, आणि इंग्रज माणूस धरलेला हात सैल करतो. ही ‘सैल सोडण्याची’ कल्पना ध्यानांत ठेवा. पुढील पुष्कळ गांठी तिनेंच सुटणार आहेत.

याच अर्थाची एक बारीक छटा आहे व तिजकडे विद्यार्थ्यांचें फारच दुर्लक्ष होतें. ‘शी लेट् द फायर् गो आउट्’ या वाक्यांत त्या स्त्रीनें विस्तवाला विझण्याची परवानगी दिली, असा अर्थ नाहीं. तिनें लक्ष दिलें नाहीं, लांकूड सारलें नाहीं, म्हणून विस्तव विझला. तेव्हां ‘लेट्’ म्हणजे केवळ ‘परवानगी देणें’ नव्हे. ‘अडवितां येत असूनहि न अडविणें’ हाहि त्याचाच अर्थ आहे. समजा, चोरीच्या चौकशींत ‘द वॉचमन् लेट् द थीफ् एस्केप्’ असें कोणी लिहून दिलें. पहारेकऱ्यानें चोराला जाणूनबुजून सोडलें, कीं तो डुलकी घेत होता? या वाक्यावरून तें ठरत नाहीं. पण दोष पहारेकऱ्याच्या माथीं बसतो हें मात्र ठरतें. चोर पहारेकऱ्याच्या हातून निसटला, त्याचा कांहींच उपाय चालला नाहीं, असें म्हणावयाचें असेल तर ‘द थीफ् एस्केप्ड्’ एवढेंच लिहिलें पाहिजे. एका तीन अक्षरी शब्दावरून गरीब माणसाची नोकरी जाऊं शकते. म्हणून कोणाविषयींहि ‘लेट्’ असें लिहिण्यापूर्वीं, अडविण्याची सत्ता खरोखर त्याच्या हातीं होती काय, हें पाहून घ्यावें.

२. ‘लेट् अस्’ : आर्जव कीं बोलावणें?

‘लेट् अस् गो’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. खोलींत कोंडून ठेवलेले लोक दाराबाहेरच्या माणसास हें म्हणतील, तेव्हां त्याचा अर्थ ‘आम्हांला जाऊं द्या’ असा होईल. येथें सत्ता दाराबाहेरच्या माणसाची. परंतु मित्रमंडळी गप्पा मारीत बसली असतां त्यांतील एकजण उठून हेंच वाक्य म्हणेल, तर त्याचा अर्थ ‘चला, आपण जाऊं’ असा होईल. येथें सत्ता सर्वांची मिळून.

मराठीस ‘आम्ही’ व ‘आपण’ असे दोन शब्द असल्यामुळें हा घोटाळा होत नाहीं. ‘आम्ही’ म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलें कीं तो आंत येतो. इंग्रजीजवळ हें धन नाहीं. तिच्या ‘अस्’ ला दोन्ही कामें करावीं लागतात. मात्र तिनें एक युक्ति योजिली आहे. ‘चला, आपण’ हा अर्थ असेल तेव्हां बोलतांना ‘लेट् अस्’ चें ‘लेट्स्’ असें आंखूड रूप होतें, आणि लिहितांना मध्यें लोपचिन्ह देतात. आर्जवाच्या अर्थीं तसें करीत नाहींत. तसेंच, बोलावण्याच्या वाक्याच्या शेवटीं ‘शॅल् वुई’ असें पुच्छ जोडतां येतें. आर्जवाच्या वाक्याला ‘विल् यू’ असें जोडतात.

मॅट्रिकच्या वर्गांतील मुलांनीं हा भेद पक्का करून ठेवावा. अप्रत्यक्ष कथन करतांना आर्जवाच्या वाक्यास ‘रिक्वेस्टेड्’ हें क्रियापद लागतें, बोलावण्याच्या वाक्यास ‘प्रपोज्ड्’ किंवा ‘सजेस्टेड्’ लागतें. पहिल्या शब्दावर नजर ठेवून जो उत्तर लिहितो तो चुकतो. कोण कोणास बोलत आहे हें जो पाहतो तो चुकत नाहीं.

३. आज्ञा, इच्छा आणि गृहीत गोष्ट

आतां थोडा निराळा प्रकार पाहूं. मराठींत ‘येवो, जावो, होवो, राहो’ अशीं रूपें आहेत. समोर नसलेल्या तिसऱ्यास उद्देशून आज्ञा, आशीर्वाद किंवा इच्छा व्यक्त करावयाची असतां तीं उपयोगीं पडतात. आजच्या इंग्रजी क्रियापदाला असें निराळें रूप नाहीं. ‘लाँग् लिव्ह्’ सारख्या कांहीं ठराविक बोलांत त्याची खूण तेवढी उरली आहे. म्हणून असा प्रसंग आला कीं ती भाषा ‘लेट्’ ला हांक मारते.

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत देव प्रकाश निर्माण करतो, त्या ठिकाणच्या इंग्रजी वाक्याचा आरंभ ‘लेट्’ नें होतो. तेथें देव कोणाची परवानगी मागत नाहीं व कोणास परवानगी देण्यास सांगतहि नाहीं; त्या वेळीं तेथें दुसरें होतेंच कोण? मूळ इब्री भाषेंत त्या जागीं तृतीय पुरुषी आज्ञेचें एकच क्रियारूप आहे व मराठींतील ‘होवो’ त्याच्याशीं अगदीं जुळतें. सारी सत्ता बोलणाराच्या शब्दांत आहे. अशा स्थळीं ‘जाऊं दे, होऊं दे’ या नमुन्याचें भाषांतर करणें म्हणजे निर्मात्याला अर्जदार करणें होय.

याच जातीचा ‘लेट्’ भूमितींत भेटतो. ‘लेट् एबीसी बी अ ट्रँगल्’ या वाक्याचा अर्थ ‘एबीसीला त्रिकोण असूं द्या’ असा कोणी करूं नये. मराठींत आपण ‘समजा, अबक हा एक त्रिकोण आहे’ असें म्हणतों. युक्लिडानें आपल्या ग्रीक ग्रंथांत अशा जागीं तृतीय पुरुषी आज्ञेचें रूपच वापरलें आहे. इंग्रजी भाषांतरकारांना ‘लेट्’ घेण्यावांचून गत्यंतर नव्हतें. बीजगणितांत ‘लेट् एक्स् बी’ असें जें येतें तेंहि हेंच. येथें गणित सोडविणारा हा त्या कागदापुरता राजा असतो. तो म्हणेल तो त्रिकोण, तो म्हणेल तो ‘एक्स्’. पण एकदां ठरविलेलें त्याला मध्येंच बदलतां येत नाहीं, हेंहि ध्यानांत असावें!

संस्थांच्या नियमांत किंवा सूचनाफलकावर ‘लेट् एव्हरी पर्सन्’ अशा शब्दांनीं आरंभ होणारें वाक्य आलें तर तीहि आज्ञाच होय. ‘प्रत्येकानें अमुक करावें’ असें तिचें मराठी करावें.

४. घर ‘लेट्’ करणें

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत इमारतींवर ‘टू लेट्’ अशी पाटी दिसते. इंग्रजी न येणारा माणूससुद्धां तिचा अर्थ ओळखतो : ‘जागा भाड्यानें देणें आहे’. येथेंहि ‘सैल सोडण्याची’ मूळ कल्पना कायम आहे. मालक जागा हातावेगळी करीत नाहीं. तिचा उपभोग तेवढा कांहीं काळापुरता दुसऱ्यास सोडून देतो. मालकी त्याची, वहिवाट भाडेकऱ्याची. सत्ता अशी वांटली जाते. ‘लेट्’ करतो तो मालक. भाडेकरू जागा ‘लेट्’ करीत नाहीं, तो ती ‘रेंट्’ करतो. हा भेद पुष्कळ सुशिक्षित माणसेंहि विसरतात.

यावरूनच ‘सब्-लेट्’ हा शब्द झाला. भाडेकऱ्यानें घेतलेली जागा पुन्हा तिसऱ्यास भाड्यानें देणें याला आपण पोटभाड्यानें देणें म्हणतों व त्या तिसऱ्यास पोटभाडेकरू म्हणतों. पालकांनीं हा शब्द करारांत आढळल्यास तो डोळ्यांआड करूं नये. मुंबईच्या १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यानें अशा पोटभाड्यास मनाई केली होती. त्याच्या जागीं आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यांतहि बेकायदेशीर पोटभाडें हें भाडेकऱ्यास जागेंतून काढण्याचें एक कारण सांगितलें आहे. ‘सब्’ हा एवढासा उपसर्ग, पण तो न समजल्यास डोक्यावरचें छप्पर जाण्याचा प्रसंग यावयाचा.

५. ‘लेट्’ चीं जोडकामें

‘लेट्’ ला लहान लहान सोबती मिळाले म्हणजे तो आणखी कामें करूं लागतो. त्या सर्वांची यादी देण्यापेक्षां ‘सोडणें’ ही एकच किल्ली घेऊन निघावें.

‘लेट् इन्’ म्हणजे आंत सोडणें, ‘लेट् आउट्’ म्हणजे बाहेर सोडणें. यांवरूनच ‘इन्लेट्’ व ‘आउट्लेट्’ हीं नामें झालीं. पाणी किंवा वारा आंत येण्याची वाट ती ‘इन्लेट्’, बाहेर जाण्याची ती ‘आउट्लेट्’. शिंपी आंखूड झालेल्या सदऱ्याची शिवण उसवून आंत दाबलेलें कापड सोडतो, तेंहि ‘लेट् आउट्’. गुपित तोंडांतून बाहेर सोडणें, तेंहि ‘लेट् आउट्’. आपण त्याला ‘गुपित फोडणें’ म्हणतों. विहिरींत पोहरा खालीं सोडणें हें ‘लेट् डाउन्’. आणि आपल्यावर विसंबून असलेल्या माणसास ऐन वेळीं खालीं सोडणें, म्हणजे तोंडघशीं पाडणें, हेंहि ‘लेट् डाउन्’. अपराध्यास शिक्षा न करतां सोडणें तें ‘लेट् ऑफ्’. बंदूक किंवा फटाका उडविणें तेंहि ‘लेट् ऑफ्’. पूर्वीं वैद्य रोग्याच्या अंगांतून रक्त काढीत, त्याला इंग्रजींत ‘लेट् ब्लड्’ म्हणत. आयुर्वेदांत त्या क्रियेस ‘रक्तमोक्षण’ असें नांव आहे. मोक्षण म्हणजे सोडणेंच. दोन दूरदूरच्या भाषांनीं एकाच गोष्टीकडे एकाच नजरेनें पाहिलें, हें पाहून मौज वाटते.

‘लेट् अलोन्’ या जोडीचा अर्थ मुलांना विशेष अडतो. ‘ही कॅनॉट् रीड्, लेट् अलोन् राइट्’ याचा ‘एकटा लिहूं द्या’ असा अर्थ केलेला दिसतो. खरा अर्थ : ‘लिहिणें सोडाच, त्याला वाचतांहि येत नाहीं.’ येथेंहि मराठीनें ‘सोडणें’ हाच धातु वापरला आहे, म्हणून लक्षांत ठेवण्यास अडचण पडूं नये. फक्त क्रम उलटा आहे. इंग्रजींत मोठी गोष्ट ‘लेट् अलोन्’ च्या मागून येते. मराठींत ती ‘सोडाच’ च्या आधीं येते.

मात्र ‘बुक्लेट्’, ‘लीफ्लेट्’ या शब्दांच्या शेवटीं जो ‘लेट्’ आहे तो या घराण्यांतला नव्हे. तो लहानपणा दाखविणारा प्रत्यय असून फ्रेंच भाषेंतून आलेला आहे. सारखें तोंडवळें पाहून नातें जोडूं नये.

६. वाट अडविणारा ‘लेट्’

येथवर ‘लेट्’ सोडीत होता. आतां तो अडवितांना पाहावयाचा आहे.

जुन्या इंग्रजींत दोन धातु होते. एक वर सांगितलेला, सोडण्याच्या अर्थाचा. दुसरा ‘लेट्टन्’; त्याचा अर्थ ‘उशीर करविणें, अडथळा करणें’. ‘मंद, उशिराचा’ या अर्थाच्या विशेषणापासून तो झाला, आणि आपल्या गाडीचा ‘लेट’ त्याच विशेषणापासून आला. दोन्ही धातूंचें अगदीं आदिम मूळ एकच असावें असें भाषाशास्त्रज्ञ मानतात : शिणणें, सैल पडणें, मागें राहणें. हात सैल पडला कीं धरलेली वस्तु सुटते. पाय सैल पडले कीं माणूस अडतो. एका बाजूस ‘सोडणें’ झालें, दुसऱ्या बाजूस ‘अडणें’ झालें. पुढें काळाच्या ओघांत उच्चार बदलत गेले व दोन्ही धातूंचें रूप ‘लेट्’ असें एकच होऊन बसलें.

याचा परिणाम पाहावयाचा असेल तर १६११ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी पवित्र शास्त्र उघडावें व निर्गमाचा पांचवा अध्याय काढावा. पहिल्या वचनांत मोशे व अहरोन हे फारोपुढें उभे राहून इस्राएल लोकांना सोडण्याविषयीं देवाची आज्ञा सांगतात. तेथें ‘लेट्’ शब्द आहे. अवघ्या तीन वचनांनंतर, चौथ्या वचनांत, फारो त्या दोघांना रागानें विचारतो कीं, तुम्ही या लोकांना त्यांच्या कामापासून कां अडवितां. तेथेंहि ‘लेट्’ शब्दच आहे! एकाच अध्यायांत, एकाच वादांत, एका बाजूचा ‘लेट्’ बेड्या तोडण्यास सांगतो आणि दुसऱ्या बाजूचा ‘लेट्’ अडथळ्याचा आरोप करतो. इब्री मूळांत या दोन ठिकाणीं दोन वेगळे धातु आहेत. घोटाळा आहे तो इंग्रजीच्या घरचा. जुना इंग्रजी पाठ वाचणारा विद्यार्थी चौथ्या वचनांत ‘परवानगी’ हा अर्थ घालील, तर फारोच्या तक्रारीचा त्याला कांहींच बोध होणार नाहीं.

रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या तेराव्या वचनांत पौल म्हणतो कीं, तुमच्याकडे येण्याचा बेत मीं पुष्कळ वेळां केला, पण आजवर मला अडथळा आला. तेथेंहि १६११ च्या पाठांत ‘लेट्’ आहे. तेथें परवानगीचा अर्थ केल्यास पौल आजवर रोमला जाऊं शकत होता असें होईल. म्हणजे त्याच्या म्हणण्याच्या नेमकें उलट. पुढें १८८१ सालीं नव्या कराराची व १८८५ सालीं जुन्या कराराची सुधारलेली इंग्रजी आवृत्ति निघाली, तेव्हां पंडितांनीं दोन्ही जागीं दुसरे शब्द घातले. १६६२ सालच्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकांत आगमनकाळाच्या चौथ्या रविवारची जी प्रार्थना आहे तींत हा अडविणारा ‘लेट्’ ‘हिंडर्’ या शब्दाच्या जोडीला बसलेला आढळतो. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट्’ नाटकाच्या पहिल्या अंकांत राजपुत्र पित्याच्या पिशाच्चामागें जाऊं पाहतो व सोबती त्याला धरून ठेवतात. त्या वेळीं त्याच्या तोंडीं हाच ‘लेट्’ आहे. हें नाटक आगरकरांनीं ‘विकारविलसित’ या नांवानें मराठींत आणलें, हें पुष्कळांस ठाऊक असेल.

हा अर्थ आतां बोलण्यांतून गेला आहे, पण तीन ठिकाणीं तो अजून नांदतो. भारतीय पारपत्रांत राष्ट्रपतींच्या नांवें जी विनंति छापलेली असते, तींत वाहकास ‘विदाउट् लेट् ऑर् हिंडरन्स्’ जाऊं द्यावें असे शब्द आहेत. त्याचा अर्थ ‘परवानगीवांचून’ असा नसून ‘कोणत्याहि अडथळ्यावांचून’ असा आहे. दुसरें ठिकाण म्हणजे इंग्रजी खरेदीखतें. त्यांत घेणाराने मिळकतीचा उपभोग कोणाच्याहि ‘लेट्’ शिवाय घ्यावा असें लिहितात. आपल्याकडील दस्तऐवजांत त्या जागीं ‘हरकत’ हा शब्द असतो. तिसरें ठिकाण खेळाचें मैदान. टेनिसमध्यें आरंभाचा चेंडू जाळ्याच्या वरच्या कडेस घासून योग्य चौकोनांत पडला, तर पंच ‘लेट्’ असें म्हणतो व तो चेंडू पुन्हा मारावयाचा असतो. खेळांत अडथळा आला, सबब पुन्हा, असा त्याचा अर्थ सामान्यतः सांगतात.

कोणी म्हणेल, ही इंग्रजी भाषा फारच लहरी दिसते! परंतु आपलें घरहि तपासून पाहावें. वर जो ‘हरकत’ शब्द आला तो अरबींतून आलेला असून तेथें त्याचा अर्थ ‘हालचाल, गति’ असा आहे. मराठींत येऊन तो गति अडविणारा झाला. आणि ‘परवां’ हा शब्द घ्या. ‘तो परवां गेला’ व ‘तो परवां जाईल’ या दोन वाक्यांत ‘परवां’ चे दोन दिवस एकमेकांच्या विरुद्ध दिशेस आहेत. तरी आपल्या घरांतलें पांच वर्षांचें मूलहि त्यांत गोंधळत नाहीं. कां? तें शब्द ऐकत नाहीं, वाक्य ऐकतें म्हणून.

७. ध्यानांत ठेवण्याचे नियम

(अ) ‘लेट्’ च्या पुढें येणाऱ्या क्रियापदास ‘टु’ लावूं नये. ‘लेट् मी टु गो’ हें अशुद्ध; ‘लेट् मी गो’ हें शुद्ध. ‘अलाउ’ व ‘पर्मिट्’ यांना मात्र ‘टु’ लागतो.

(आ) ‘लेट्’ च्या पुढील सर्वनाम कर्माच्या रूपांत असावें : ‘लेट् ही’ नव्हे, ‘लेट् हिम्’.

(इ) वर्तमान, भूत व भूतकालवाचक धातुसाधित या तिन्ही ठिकाणीं रूप एकच, ‘लेट्’. तेव्हां ‘ही लेट् मी गो’ हें भूतकाळाचें वाक्य आहे. वर्तमानांत ‘ही लेट्स्’ होईल.

(ई) परवानगीच्या अर्थीं कर्मणि प्रयोग करतांना ‘वॉज् लेट्’ असें सहसा म्हणत नाहींत. ‘वॉज् अलाउड् टु’ असें म्हणतात. भाड्याच्या अर्थीं मात्र ‘वॉज् लेट्’ चालतें.

(उ) आज्ञेच्या वाक्याचा कर्मणि प्रयोग ‘लेट्’ च्या साह्यानें होतो : ‘डू इट्’ याचा ‘लेट् इट् बी डन्’.

८. सरावासाठीं वाक्यें

पुढील प्रत्येक वाक्यांत सत्ता कोणाच्या हातीं आहे तें आधीं सांगा; मग अर्थ लिहा.

१. लेट् अस् प्ले, सर्. वुई हॅव् फिनिश्ड् अवर् लेसन्स्.
२. शी लेट् द मिल्क् बॉइल् ओव्हर्.
३. लेट् एक्स् बी द प्राइस् ऑफ् वन् मँगो.
४. द हाउस् वॉज् लेट् टु अ डॉक्टर्.
५. ही कॅनॉट् वॉक्, लेट् अलोन् रन्.
६. लेट् एव्हरी मेंबर् पे हिज् फी बाय् द फिफ्थ्.
७. लेट् द चिल्ड्रन् प्ले इन् द गार्डन्.

उत्तरांची दिशा : पहिल्यांत ‘सर्’ हा शब्द आहे, म्हणून तें आर्जव, सत्ता शिक्षकांची. दुसऱ्यांत परवानगी नाहीं, हयगय आहे. दूध उतूं गेलें, पण तें थांबविणें तिच्या हातीं होतें. तिसऱ्यांत सत्ता गणित सोडविणाराची. चवथ्यांत मालक दिसत नाहीं, तरी सत्ता त्याचीच. डॉक्टर हे भाडेकरू. पांचव्यांत सत्तेचा प्रश्नच नाहीं. ‘धांवणें सोडाच’ असा अर्थ. सहाव्यांत आज्ञा, सत्ता नियम करणाराची. सातवें वाक्य मुद्दामच मोघम ठेविलें आहे. माळ्यास सांगितलें असेल तर ‘मुलांना खेळूं दे’; शाळेच्या वेळापत्रकांत लिहिलें असेल तर ‘मुलांनीं बागेंत खेळावें’. पुढचें-मागचें वाक्य नसेल तर दोन्ही उत्तरें बरोबर, आणि तसें लिहिणारास पूर्ण गुण द्यावे.

पालकांस विनंति

आपल्यापैकीं पुष्कळांना इंग्रजी येत नाहीं, आणि म्हणून मुलाच्या इंग्रजी अभ्यासांत आपला कांहीं उपयोग नाहीं असें आपणांस वाटतें. तें खरें नव्हे. मुलगा शब्दांची लांबच लांब यादी पाठ करीत बसला असेल, तर त्याला एकेक शब्द घेऊन विचारा, “हा कोणत्या वाक्यांत आला?” त्यानें वाक्य सांगितलें म्हणजे आणखी विचारा, “हें कोण कोणाला म्हणतो आहे?” हे दोन प्रश्न विचारण्यास इंग्रजीचें एक अक्षरहि यावें लागत नाहीं. ज्या मुलाला रोज रात्रीं हे दोन प्रश्न घरीं विचारले जातात, तो कोशांतला पहिला अर्थ घेऊन परीक्षेस जाणार नाहीं. आणि पुढें एखादा करार, अर्ज किंवा जबानी सही करण्यासाठीं त्याच्यापुढें आली, तर ती वाचून समजल्यावांचून तो सही करणार नाहीं.